ताईचं उत्तर उशिरा आलं

नमस्कार मंडळी. आज एमएसबद्दल बोलायचंय, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि नसांचा आजार, आणि त्यातही रिलॅप्स आला, म्हणजे आजार अचानक पुन्हा उसळला, की डोक्याच्या कामाचं काय होतं ते. पण आधी ताईची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

ताईला रिलॅप्स आला तेव्हा डावा पाय बधिर, भिंत धरून चालायची, ते सगळ्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी मी घाईत विचारलं, ताई, कपाटाची किल्ली कुठंय? ती नुसती बघत राहिली. मी परत, जरा चढ्या आवाजात, अगं काल तूच घेतली होतीस ना, ड्रॉवरमधे टाकलीस का, कुणाला दिलीस का, एकामागून एक. टीव्ही चालू, भाचा मधेच त्याचं काहीतरी विचारतोय. ती गप्पच. मला वाटलं विसरली, मी चिडून अख्खं घर उलथंपालथं केलं. मग जेवायला बसलो, भाच्याच्या परीक्षेचा विषय निघाला होता आणि ताई एकदम म्हणाली, "फ्रिजवर. डब्याच्या मागे." सगळे हसले, तीपण हसली, आणि किल्ली खरंच तिथे! नंतर हळूच मला म्हणाली, "अरे, मला माहीत होतं. पण पहिला प्रश्न धरेपर्यंत तू दुसरा टाकलास, मग पहिलाही सुटला."

तर ऐका, ती विसरली नव्हती, वेग कमी झाला होता. परत सांगतो, वेग. एमएसमधे आपलीच प्रतिकारशक्ती नसांवरचं मायलिनचं आवरण खाते, मग मेंदूतला निरोप रेंगाळतो. साधारण निम्म्या पेशंटना विचार करण्यात काही ना काही अडचण येते, आणि बऱ्याचदा आधी वेगच पडतो. चिन्हं आणि आकडे जुळवायची ९० सेकंदांची एक चाचणी असते, त्यात ताईचे मार्क रिलॅप्समधे घसरले, तीन महिन्यांनी वर आले, पण पूर्वीइतके नाहीत. पाय तोवर ठणठणीत, म्हणून लोक म्हणायचे बरी झाली की! कधीकधी तर पाय-डोळे ठीक आणि फक्त डोकंच मंदावतं, मग घरच्यांना रिलॅप्स आलाय हे कळतच नाही.

बरं, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी असंच होतं, तो खरा रिलॅप्स नसतो, म्हणून आधी ते तपासून घ्या. स्टेरॉईडनी रिलॅप्स लवकर आवरतो, पण झोप उडते आणि झोप उडाली की डोकं आणखीनच जड.

आणि ओटीपीला तीस सेकंदांचा टायमर ज्यानं लावला ना, त्याला एकदा ताईसमोर बसवायचंय मला, असो.

आता घरात नियम आहे, टीव्ही बंद, एका वेळी एकच प्रश्न, मग थांबायचं. एकच प्रश्न, मग थांबायचं. ताई म्हणते विचारून झालं की मनात दहापर्यंत मोज. परवा मी चारलाच बोललो.