गिमेलवाल्ड: गवतावर उभं असलेलं गाव

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेनच्या दरीत शिरलं की दोन्ही बाजूंना उभे कातळ लागतात, जणू दोन कोकणकडे समोरासमोर. श्टाउबबाखचा धबधबा जवळपास ३०० मीटरवरून सुटतो आणि खाली पोचेपर्यंत त्याचे नुसते तुषार उरतात. आपल्याकडच्या बहुतेक सहली या भागात येतात त्या युंगफ्राउयोख या उंच खिंडीतला बर्फ बघायला, आणि संध्याकाळी परत फिरतात. आपण मात्र दरीच्या टोकाला, श्टेखेलबर्गला आलो आहोत. मोटारीचा रस्ता इथं संपतो. पुढे रोपवे.

गिमेलवाल्ड. उंची सुमारे १,३६० मीटर. उन्हानं काळवंडलेली लाकडी घरं, जवळच गोठे, भिंतीशी रचलेलं सरपण. गावात मोटारी नाहीत.

आणि सगळीकडे हिरवे उतार. हे उतार निसर्गानं असेच दिलेले नाहीत. काही वर्षं कापणी झाली नाही, तर त्यांवर आधी झुडपं चढतात, मग जंगल.

जुलैतली सकाळ. यंत्र चढत नाही अशा उतारावर एक शेतकरी लांब दांड्याच्या पात्यानं गवत कापतोय. कमरेतून वळतो, सर्रकन गवत आडवं होतं, पुन्हा वळतो. मध्येच थांबतो, कमरेच्या डबीतून ओला दगड काढतो आणि पात्याला धार लावतो. मागून घरची माणसं दाताळ्यांनी गवत पसरत येतात. सगळी घाई उन्हासाठी. वाळत घातलेलं गवत भिजलं तर कुजतं, आणि हिवाळाभर गुरं गोठ्यात असतात तेव्हा वैरण हीच.

आत्ता गोठे रिकामे आहेत. उन्हाळ्याचे साधारण १०० दिवस गुरं वरच्या कुरणांवर असतात. चीजही तिथंच बनतं: तांब्याचा मोठा हंडा, खाली लाकडाचा जाळ, डोळे चुरचुरतील इतका धूर. एक किलो चीजला सुमारे १० लिटर दूध लागतं. दीड वर्षाहून जास्त मुरलेलं चीज इतकं टणक होतं, की ते रंध्यानं तासून खातात.

इथं याल तर एक रात्र तरी राहा. चीज शेतकऱ्याच्या घरूनच घ्या. चालायचं ते पिवळ्या पाट्यांच्या पायवाटेवरून. फोटोसाठी उभ्या गवतात शिरू नका. तुडवलेलं गवत पात्याखाली नीट येत नाही, आणि गोठ्यात तेवढी वैरण कमी पडते.