काळं पिल्लू म्हणजे कडकनाथच असतं का?

हा डबा बघा, एक दिवसाची पिल्लं आहेत सगळी, एक काळं एक पिवळं एक विटकरी आणि दोन-तीन पट्टेवाली. विकणारा म्हणतो काळं ते कडकनाथ, विटकरी ते आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), पिवळं ते ब्रॉयलर, झालं काम. पण एवढं सोपं असतं तर बाजारात कोणी फसलंच नसतं ना.

पट्टेवाल्यापासून सुरू करू. पाठीवर गडद तपकिरी पट्टा, दोन्ही बाजूला फिक्कट रेघ, डोळ्यामागे काजळासारखी लाईन. रानकोंबडीची पिल्लं अशीच असतात, वरून घार आली की पाचोळ्यात दिसू नयेत म्हणून. आपल्या गावठीत हा रंग भरपूर सापडतो, पण फक्त गावठीतच असतो असं नाही, ब्राऊन लेगहॉर्नची पिल्लं पण अशीच पट्टेवाली. म्हणजे पट्टे बघून "ओरिजनल गावठी आहे" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर जरा थांबा.

पिवळ्याचं तर विचारूच नका. ब्रॉयलर पिवळं, व्हाईट लेगहॉर्न पिवळं, आणि एक मांसाची कोंबडी तर दुसरी अंड्याची! आठवडी बाजारात गुलाबी-हिरवी पिल्लं दिसतात ना, ती पण फिक्कट पिल्लंच, वरून रंग मारलेला, खरी पिसं यायला लागली की तो रंग जातो. वनराज, गिरिराज घेतलं तर एकाच लॉटमध्ये वेगवेगळ्या रंगांची पिल्लं निघतात, त्यात फसवाफसवी काही नाही, त्या संकरित जातीच तशा रंगीबेरंगी आहेत.

आता येऊ काळ्यावर, कारण खरा पैसा इथेच फिरतो. कडकनाथ मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातली, भिल्ल-भिलाला लोकांनी सांभाळलेली कोंबडी. 2018 ला झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय टॅग (भौगोलिक ओळखीचं मानांकन) मिळाला आणि आपल्याकडे तर अशी लाट आली की 2019 ला पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावाने कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कडकनाथचं पिल्लू निळसर काळं असतं, पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असू शकतात. पण ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या ऑस्ट्रेलियन जातीचं पिल्लू पण काळंच की! म्हणून लव बघू नका, पिल्लू उलटं करा.

हे बघा, हातात असं अलगद धरायचं, पंजा वर. ऑस्ट्रॉलॉर्पचा तळवा पांढुरका-गुलाबी दिसेल. कडकनाथचा तळवा, बोटं, नखं सगळं पाटीच्या रंगाचं. मग पोटावरची लव तोंडाने हळूच फुंकायची, खालची कातडी दिसते, ती पण काळपट पाहिजे. पोटावरची लव पांढुरकी दिसली म्हणून लगेच बाद करू नका, काळ्या पिल्लांत ते चालतं, कातडी महत्त्वाची. कडकनाथचं काळेपण नुसत्या पिसांत नाही, कातडी-मांस-हाडापर्यंत गेलेलं असतं.

तरी पण शंभर टक्के गॅरंटी नाहीच, आणि हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. केंब्रिजचे आनुवंशिकशास्त्रज्ञ बेटसन आणि पनेट यांनी 1911 ला चीनच्या सिल्की कोंबडीवरचं काम छापलं, ती पण आतून काळीच असते. सिल्कीचा कोंबडा आणि साध्या पायांची ब्राऊन लेगहॉर्न कोंबडी यांची पिल्लं काढली तर नर जेमतेम काळपट झाले आणि माद्या मात्र गडद काळ्या! साध्या कोंबडीतला काळेपणा दाबणारा जीन लिंगाच्या गुणसूत्रावर असतो, आईकडून तो फक्त मुलांना मिळतो, मुलींना नाही. आता हेच कडकनाथला लावा. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावठी कोंबडी, त्यांच्या माद्या तळव्यापर्यंत काळ्या निघू शकतात आणि कडकनाथ म्हणून खपतात, त्यांचे भाऊ मात्र फिके, ते गपचूप बाजूला काढले जातात. म्हणून लॉटमध्ये सगळ्याच काळ्या माद्या असतील तर विचारा, बाबा नर कुठे गेले?

ह्याच पनेटने पुढे उलटा डाव खेळला. 1929 ला कॅम्बार नावाची जात काढली, तिच्यात पिल्लाच्या रंगावरूनच नर-मादी कळते. आपल्याकडेही आरआयआर कोंबडा आणि पिसांवर आडवे पट्टे असलेली बार्ड प्लायमाऊथ रॉक कोंबडी असा क्रॉस केला की ज्या काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, बिनठिपक्याची ती तलंग, म्हणजे मादी. इथे रंग खरं बोलतो, पण जातीबद्दल नाही, लिंगाबद्दल, आणि ते पण आईबाप माहीत असतील तरच.

तर पिल्लं घ्यायला गेलात की आधी आईबापाचा कळप बघायला मागा. सरकारच्या सधन कुक्कुट विकास गटाच्या केंद्रावर किंवा चांगल्या हॅचरीत दाखवतात, निदान फोटो तरी. रस्त्यावर टेम्पो उभा करून डबा पण नीट उघडू न देणाऱ्याकडून कडकनाथच्या भावाने घ्यायचं नाही, साध्या काळ्या पिल्लाचा भाव सांगायचा, तो भडकला तर भडकू दे.