मांजर तेवढं ठेवा

चर्चच्या भिंतीला टेकून बांधलेली एक खोली. आत एक बाई. ती आत गेली तेव्हा तिच्यासाठी मृतांच्या प्रार्थना म्हटल्या गेल्या, मग दार कायमचं बंद झालं. आता उरल्या खिडक्या. एकीतून वेदी दिसते, एकीतून मोलकरीण जेवण देते, आणि एकीशी भेटायला आलेली माणसं उभी राहतात.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशा स्त्रीला अँकरेस म्हणत. हा तुरुंग नव्हे. बिशपची परवानगी काढून, आपणहून पत्करलेला एकांतवास.

तेराव्या शतकाचा पूर्वार्ध. वेल्सच्या सीमेलगतचा मुलूख. एका आईबापाच्या तिघी बहिणींनी ऐन तारुण्यात ही वाट धरली, आणि आपल्या परिचयाच्या एका धर्मगुरूकडे त्या नियम मागत राहिल्या. त्यानं लिहून दिलेला ग्रंथ पुढे 'अँक्रेने विसे', म्हणजे अँकरेसांसाठीची वाटाडी, या नावानं ओळखला गेला. दरबार फ्रेंच बोलत होता, चर्च लॅटिन. यानं मात्र इंग्रजीत लिहिलं. स्वतःचं नाव कुठंच घातलं नाही.

आठ भागांपैकी सहा मनाविषयी. पहिला प्रार्थनांचा, शेवटचा रोजच्या राहणीचा. मनाचा नियम मालकीण, बाहेरचा नियम तिची दासी, असं तो सुरुवातीलाच बजावतो.

तो कठोरही आहे. खिडकीचा मोह नको, तिथं काळा पडदा लावा, त्यावर पांढरा क्रूस. आपण ज्या मातीत कुजणार, ती आपल्याच थडग्यातली माती रोज हातांनी उकरा, असंही तो सांगतो. हे वाचताना अंगावर काटा येतो.

आणि हाच माणूस गाईबद्दल काय लिहितो पाहा. गाय पाळलीत की वैरणीची चिंता आली. रखवालदाराची मनधरणी आली. ती कोंडवाड्यात गेली की शिव्याशाप आले, वर भरपाईही आलीच. म्हणून, माझ्या लाडक्या बहिणींनो, जनावर ठेवू नका. मांजर तेवढं ठेवा.

प्रकृतीसाठी शरीरातलं थोडं रक्त काढून घ्यायची तेव्हा रीत होती. त्यानंतर तीन दिवस अवघड काही करू नका, मोलकरणींशी गोष्टी सांगत बसा, हेही त्यानंच लिहिलंय. त्या दगडी खोलीतलं हसू मला या ओळीत ऐकू येतं.

पुन्हा असं पुस्तक लिहायला बसण्यापेक्षा रोमच्या वाटेला लागेन, असं तो शेवटी म्हणतो. खूप थकला असावा. मोबदला एवढाच मागतो : यातलं काही वाचाल तेव्हा माझ्यासाठी एक 'आवे मारिया', मारियामातेची प्रार्थना, म्हणा.