आठव्या आकड्यावर

[दृश्य : ओसरी. फरशीवर चिंचोके.]

"सात उचल, माय," आज्जी म्हणते. पोरगी उचलते. पाचव्या चिंचोक्यावर हात थांबतो. आज्जी गप्प. कोंबडी ओसरीवर चढते, उतरते. मग सहावा. सातवा.

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं गाव. पोरगी आठ वर्षांची. सकाळी उठलं की डोकेदुखी आणि उलटी. घरच्यांना वाटलं, पित्त. चालताना झोक जायला लागला तेव्हा एमआरआय झाला. लहान मेंदूत कर्करोगाची गाठ निघाली, मेड्युलोब्लास्टोमा.

ऑपरेशननंतर तिने पाणी मागितलं आणि दुसऱ्या दिवशी वाचाच बसली. ही गाठ काढलेल्या साधारण चारातल्या एका मुलाचं असं होतं. लहान मेंदू फक्त तोल सांभाळतो, असं आपण शाळेत शिकलो. पण तिथून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे धागे जातात; बोलणं, लक्ष, कामाचा क्रम त्यांच्यावरही चालतो. ते दुखावले की शब्द अडतात. परतायला आठवडे लागतात, कधी महिने. हिचा पहिला शब्द दीड महिन्याने आला : "नको." औषधाला. घर हसलं, कितीतरी दिवसांनी.

पुढे रेडिएशन. इकडे त्याला 'शेक' म्हणतात. आठवड्याला पाच वेळा, असे सहा आठवडे. शेकाने शिकलेलं पुसलं जात नाही. नवं शिकण्याचा वेग मंदावतो. म्हणून वर्गातलं अंतर वर्षागणिक वाढत जातं. पोर चालायला लागलं म्हणजे झालं, असं सगळेच धरून चालतात. शिकण्याचा वेग मंदावेल, हे डिस्चार्ज कार्डावर ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

[दृश्य : वही.]

श्रुतलेखनात वर्ग तिसऱ्या शब्दावर, ही पहिल्यावर. आधीच्या शाळेचा शेरा : 'लक्ष देत नाही.' मार्कांच्या 'पॅटर्न'साठी गाजलेला हा जिल्हा. इथे उशिरा आलेलं उत्तर चुकीचंच धरतात. दहावीला दिव्यांग प्रमाणपत्रावर तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. दुसरीतल्या पोरीने तोवर काय करायचं?

नव्या शाळेतल्या बाईंनी स्वतःच एक तोडगा काढलाय.

[दृश्य : वर्ग.]

"पावसाळ्यात तुमच्या रानात काय पेरतात?"

दोघा-तिघांचे हात वर. बाई त्यांना नजरेनेच थांबवतात, मनात आकडे मोजतात. ओठ हलताना दिसतात. सहा, सात, आठ.

"सोयाबीन," ती म्हणते. "आन् बांधाला तूर."