पाण्यात बसलेला बंड्या

हा बंड्या. साडेतीन फुटांचा बॉल पायथन, इथे इंग्लंडमध्ये याला रॉयल पायथन म्हणतात. जात मूळची घाना, टोगो, बेनिनकडची. आधीच्या मालकाला घर बदलायचं होतं म्हणून काचेच्या पेटीसकट आमच्याकडे आला, रेडिंगच्या टू बेडरूम फ्लॅटमध्ये. पुण्याला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "लहानपणी कात्रजच्या सर्पोद्यानात नेऊन आणलं तेवढं पुरलं नाही का रे तुला?"

भारतातल्यांनी मात्र हे बघून अजगर, धामण काही घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. असो.

हे पहिल्या आठवड्यातलं फुटेज. दिवसभर असा पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसायचा, फक्त नाक वर. आम्हाला इतकं गोड वाटायचं, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, काकांनी लिहिलं 'शेषशायी'. आता तेच झूम करून बघा. हनुवटीखाली, डोळ्याच्या कडेला काळे ठिपके दिसतायत ना, मिरपूड भुरभुरल्यासारखे? ते ठिपके चालतात. माइट्स, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव. खवल्यांच्या फटीत शिरून रक्त पितात आणि तो बिचारा त्यांना बुडवायला पाण्यात बसलेला, आणि आम्ही खाली हार्ट टाकतोय.

तपासायची पद्धत सोपी आहे, पांढरा टिश्यू ओला करून अंगावरून हलक्या हाताने फिरवायचा आणि टिश्यूवर काय येतं ते बघायचं. भांड्याच्या तळाशीही मेलेले सापडतात. पेटीत आधी लाकडाचा भुसा होता, त्यात काहीच कळायचं नाही, म्हणून आता साधा किचन पेपर. पेपरवर माइट दिसतो, रक्त दिसतं, शीचा रंग दिसतो. शीबरोबर खडूसारखा पांढरा गोळा पडतो तो नॉर्मल आहे, ती त्यांची लघवी, मी उगाच एक रात्र घाबरलो होतो.

घाबरलो नको तिथेच. डोळे निळसर दुधाळ झाले, मला वाटलं गेला, आंधळा झाला, तर तो कात टाकायच्या तयारीत होता. मग उंदीर नाकारला, तीन आठवडे नाकारला, तर ही जातच तशी, नवीन जागी महिनोन्महिने उपाशी राहते आणि वजन टिकून असेल तर कोणी फार मनावर घेत नाही. कात मात्र एकसंध मोज्यासारखी निघायला हवी. बंड्याची तुकड्या-तुकड्यांनी निघाली आणि एका डोळ्यावरची कातेची टोपी तशीच राहिली. ती चिमट्याने काढायला जाऊ नका, खालचा डोळा जाऊ शकतो. पेटीतला दमटपणा वाढवला, पुढच्या कातेबरोबर ती निघाली.

आता आवाज ऐका. रात्री दोनचं रेकॉर्डिंग आहे. टक... टक... श्वास घेताना. सापाला आपल्यासारखा पडदा नसतो छातीखाली, त्यामुळे नीट खोकता येत नाही, कफ आत साठत जातो. सकाळी नाकपुडीशी बुडबुडा, तोंड किंचित उघडं, मान वर ताणलेली. एवढं दिसल्यावर इंटरनेटवर शोधत बसायचं नसतं. एक्झॉटिक्स, म्हणजे साप-सरड्यांसारखे वेगळे पाळीव प्राणी बघणारी व्हेट अर्ध्या तासावर मिळाली. तिने आधी जबडा अलगद उघडून हिरड्या बघितल्या, लाल ठिपके किंवा पनीरच्या चुऱ्यासारखा पू आहे का (सापाचा पू पातळ वाहत नाही, घट्ट होऊन बसतो), मग त्याला उताणा केला. निरोगी साप लगेच पालथा होतो. बंड्या झाला, पण सावकाश. स्वॅबही घेतला, कारण बॉल पायथनमध्ये निडोव्हायरस नावाचं एक प्रकरण आहे, २०१४ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलेलं, त्याची लक्षणं अगदी अशीच. सुदैवाने निगेटिव्ह आला.

मग तिने विचारलं, पेटीत तापमान किती? मी छातीठोकपणे तीस सांगितलं. काचेवर चिकटवलेली पट्टी तीस दाखवत होती. घरी येऊन आत थर्मामीटरचा प्रोब ठेवला तर चोवीस! उबदार कोपरा तीस-बत्तीस हवा. सापाचं शरीर गार पडलं की त्याची प्रतिकारशक्तीही गार पडते, मग साधा संसर्गही छातीत बसतो. म्हणजे आजाराचं मूळ त्या आठ पौंडांच्या पट्टीत होतं आणि माझ्या आळसात.

त्यानंतर दर तीन दिवसांनी एक असं इंजेक्शन, तेही शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीकडे जातं. माइट्ससाठी व्हेटने दिलेला स्प्रे. कुत्र्या-मांजराचं औषध अंदाजाने मारू नका, साप मरतात त्याने. आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुणं, कारण धडधाकट सापाच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. बायकोने यासाठी बाथरूमच्या दारावर चिठ्ठी लावलीय, ती अजून तिथेच आहे.

दर रविवारी त्याला किचनच्या काट्यावर ठेवतो. आला तेव्हा ११४० ग्रॅम होता, मधे १०६० पर्यंत उतरला. आज... थांब रे, शेपूट आत घे... ११२५. पाण्याचं भांडं रिकामं आहे, साहेब त्यांच्या पेटीतल्या बिळात. आईने आज पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "जेवला का तो?"