तुटलेले हृदय, विमान आणि बकरी

१४ डिसेंबर २०२३ रोजी जोहान्सबर्गच्या मैदानावर सूर्यकुमार यादवने ५६ चेंडूंत १०० धावा काढल्या आणि त्याच्या नेतृत्वाखाली भारताने दक्षिण आफ्रिकेवर १०६ धावांनी विजय मिळवला. दुसऱ्याच दिवशी इकडे मुंबई इंडियन्सने जाहीर केले की, संघाला पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी यापुढे हार्दिक पांड्या कर्णधार असेल. त्यानंतर सूर्यकुमारच्या समाजमाध्यमांवरील खात्यावर एक चिन्ह, म्हणजे इमोजी, उमटले. ते तुटलेल्या हृदयाचे होते आणि त्याच्या मागेपुढे एकही शब्द नव्हता.

ज्याने ते पाहिले त्याने त्याचा अर्थ लावला, वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, आणि मुंबईच्या चाहत्यांनी तर ते आपल्याच मनातले बोलणे मानले. पण खेळाडूने नेमके काय म्हटले होते? काटेकोरपणे पाहिले तर काहीच नाही. व्यावसायिक खेळाडूंच्या करारांत आणि आचारसंहितांत संघाच्या निर्णयांवर जाहीर टीका करण्यावर बंधने असतात. एखादे वाक्य लिहिले की ते बातमीत छापले जाते, नोटिशीत उद्धृत होते आणि पुढच्या पत्रकार परिषदेत समोर ठेवले जाते. तुटलेले हृदय मात्र कोणत्याही नोटिशीत नीट बसत नाही, कारण ते कशाविषयी आहे हे त्यात लिहिलेलेच नसते.

अवघ्या तीन महिन्यांनी हेच चिन्ह त्याच्याच खात्यावर पुन्हा दिसले. १९ मार्च २०२४ रोजी, म्हणजे आयपीएलचा नवा हंगाम तोंडावर आला असताना, हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेला सूर्यकुमार अजून खेळण्यास तंदुरुस्त ठरलेला नव्हता. या वेळी चाहत्यांना त्यात कोणावरचा राग दिसला नाही, फक्त मैदानाबाहेर बसावे लागण्याचे दुःख दिसले. ७ एप्रिलला तो वानखेडेवर परतला आणि शून्यावर बाद झाला, पण सामना मुंबईने जिंकला. चिन्ह एकच असले तरी भोवतीची बातमी बदलली आणि अर्थही बदलला. खेळाडूंच्या इमोजींचा अभ्यास करू पाहणाऱ्याने चिन्हाआधी तारीख पाहावी, असे आम्हाला वाटते.

या मूक संभाषणाचा सर्वांत गाजलेला आणि सर्वांत गमतीदार प्रसंग अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये घडला. २०१५ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाचा डीआंद्रे जॉर्डन याने डॅलस मॅव्हरिक्स संघाकडे जाण्याचे तोंडी मान्य केले होते, परंतु एनबीए या व्यावसायिक लीगच्या नियमानुसार ठरावीक मुदत संपेपर्यंत कागदावर सही करता येत नव्हती. मधल्या दिवसांत त्याचे मन डळमळू लागल्याची कुणकुण लागली. ८ जुलै रोजी डॅलसच्या चँडलर पार्सन्सने फक्त विमानाचे चिन्ह टाकले, आणि ह्यूस्टनला जॉर्डनच्या घरी तो निघाला आहे हे सर्वांना कळले. क्लिपर्सच्या जे. जे. रेडिकने उत्तरादाखल मोटारीचे चिन्ह टाकले. ब्लेक ग्रिफिनने विमान, हेलिकॉप्टर आणि मोटार अशी तिन्ही वाहने एकदम जुंपली. वयाने थोराड पॉल पिअर्सने इमोजी टंकण्याऐवजी रॉकेटच्या इमोजीचे चित्रच चिकटवले, आणि त्या दिवशी सर्वाधिक थट्टा बहुधा त्याचीच झाली. मध्यरात्री मुदत संपताच जॉर्डनने क्लिपर्ससोबतच नवा करार केला. या साऱ्या प्रकारात चढाओढ होती, धास्ती होती आणि मित्राला जाऊ न देण्याची धडपडही होती, पण खेळाडूंनी ती व्यक्त केली वाहनांच्या चित्रांतून.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिची बकरी याच्या अगदी उलट आहे, कारण तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. सर्वकालीन सर्वश्रेष्ठ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडली की ‘गोट’ हा बकरीसाठीचा शब्द तयार होतो, म्हणून चाहते मोठ्या खेळाडूंच्या नावापुढे बकरी काढतात. बाइल्सने ती चाहत्यांच्या हातून स्वतःकडे घेतली. २०१९ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या पोशाखावर चमकत्या खड्यांची बकरी होती, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला सर्वांगीण प्रकारातील सुवर्णपदक जिंकल्यावर तिने गळ्यातली बकरीची साखळी कॅमेऱ्यापुढे धरली. स्त्री खेळाडूने नम्रच असावे अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांना ते खटकले, आणि त्यांना खटकावे हाही तिच्या हेतूचा भाग होता.

याच चित्रभाषेचा वापर खेळाडूंना दुखावण्यासाठीही होतो, याची नोंद येथे केली पाहिजे. ११ जुलै २०२१ रोजी युरो फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका यांचे पेनल्टीचे फटके वाया गेले, आणि त्यांच्या खात्यांवर माकडांच्या चिन्हांचा मारा झाला. वर्णद्वेष उघड असूनही इन्स्टाग्रामच्या यंत्रणेने त्यांतील काही मजकूर आक्षेपार्ह नसल्याचे ठरवले होते, आणि ही चूक कंपनीच्या प्रमुखांना मान्य करावी लागली.

आता थोडे कीबोर्डकडे पाहू, कारण खेळाडूला काय म्हणता येते हे शेवटी तेथे काय आहे यावर ठरते. कोणते चिन्ह जगभरच्या फोनांत यावे हे युनिकोड ही संस्था ठरवते. क्रिकेटची बॅट, हॉकीची काठी आणि बॅडमिंटनचे फूल २०१५ मध्ये त्या यादीत आले, तर कुस्तीगीर आणि तिन्ही पदके २०१६ मध्ये आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. तेव्हा आयफोनच्या कीबोर्डवर धावणारा पुरुष होता, धावणारी स्त्री नव्हती. ती पुढच्या महिन्यातील नव्या आवृत्तीत आली.

नेमबाजांची अडचण अधिक चमत्कारिक आहे. २०१६ मध्ये रायफलचे चिन्ह यादीत येण्याच्या बेतात होते, पण मोठ्या कंपन्यांच्या विरोधामुळे ते वगळले गेले. त्याच वर्षी ॲपलने पिस्तुलाचे चिन्ह बदलून त्या जागी पाण्याची पिचकारी ठेवली आणि २०१८ पर्यंत इतर बहुतेक कंपन्यांनी तेच केले. सामूहिक गोळीबाराच्या घटनांनी होरपळणाऱ्या समाजात हा निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्याच्या अभिनंदनासाठी कोल्हापूरकरांना वर्तुळात रुतलेल्या बाणाचे चिन्ह, तिरंगा आणि तिसऱ्या क्रमांकाचे पदक यांवरच भागवावे लागले. ज्या शस्त्राने पदक मिळाले ते मात्र कीबोर्डवर नव्हते.

कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब यांना तर अजून एकही चिन्ह मिळालेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ विजेते ठरले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. हा आनंद इमोजीतून सांगायचा तर चषक, तिरंगा, आग आणि फुगवलेला दंड हीच चिन्हे हाती उरतात, आणि ती कोणत्याही खेळाच्या विजयाला चालतात. युनिकोडकडे नव्या चिन्हाचा प्रस्ताव कोणालाही पाठवता येतो. त्याचा भरपूर वापर होईल याचा पुरावा द्यावा लागतो, आणि इतर चिन्हांपासून ते लहान आकारातही वेगळे ओळखू येईल हे दाखवावे लागते. या दुसऱ्या अटीत कबड्डी अडण्याची शक्यता आहे, कारण नखाएवढ्या चित्रात ती कुस्तीसारखीच दिसेल. उकिडवा बसलेला गडी आणि त्याच्या पाठीवर थाप देणारा हात मात्र नखाएवढ्या जागेतही स्पष्ट ओळखू येतील, त्यामुळे प्रस्ताव पाठवायचाच झाला तर खो-खोपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल.