जाहिरातवाला कवी

मागच्या महिन्यात मी माझ्या एका कवितेचं रील केलं. खिडकीशी बसलो, पडदा जरा सरकवला, पुतणीनं मोबाइल धरला. सहा वेळा शूटिंग झालं, कारण चष्मा सारखा चमकत होता. रात्री सहज पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं की चौथ्या ओळीतला ‘जणू’ निव्वळ भरीचा आहे. सहा वेळा वाचूनही तो खटकला नव्हता. माझं सगळं लक्ष गालावरच्या उजेडाकडे!

लिहिणाऱ्यानं स्वतःची प्रसिद्धी करावी का, हा आजचा विषय पाहून मी प्रसिद्धीला झोडपीन असं तुम्हाला वाटलं असेल. मला बोलायचंय अरुण कोलटकरांबद्दल. प्रसिद्धी कशी करतात हे मराठी कवींत त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला कळलं असेल. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेला माणूस, पोटापाण्याचा धंदा जाहिरातीचा, त्यातले मानाचे कॅग (कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड) पुरस्कारही पुन्हा पुन्हा मिळालेले. बघणाऱ्याची नजर कुठे खिळवायची, कोणतं अक्षर केवढं ठेवायचं, हे त्यांचं रोजचं काम. तेव्हा ‘बिचाऱ्यांना स्वतःला पुढे करता येत नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही.

ही विद्या त्यांनी पुस्तकांच्या अंगावर खर्च केली. 1976 मध्ये ‘जेजुरी’ हे इंग्रजी कवितांचं पुस्तक आलं ते क्लिअरिंग हाऊसकडून. काही कवींनी मिळून काढलेली ती संस्था. कोलटकर त्यातले एक, आणि मुखपृष्ठांचं कामही त्यांच्याकडे. 1977 मध्ये ‘जेजुरी’ला कॉमनवेल्थ कविता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी मराठी संग्रह आला, ‘अरुण कोलटकरच्या कविता’. कोलटकरांच्या नव्हे, कोलटकरच्या. एक काना आणि एक अनुस्वार गाळला की मानकरी जातो आणि कट्ट्यावरचा अरुण उरतो. शीर्षकातही त्यांनी स्वतःला खुर्ची दिली नाही.

असा पुरस्कार हाताशी असताना दुसऱ्या कुणी दर दोन वर्षांनी पुस्तक काढलं असतं. यांचा पुढचा मराठी संग्रह यायला पंचवीसेक वर्षं गेली. घरी फोन नाही. भेटायचं तर गुरुवारी दुपारी मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इन या हॉटेलात जायचं. तिथे बसून दिसणारा चौक, भटकी कुत्री, फुटपाथवरच्या इडल्या, हे सगळं ते न्याहाळत राहिले आणि ते ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये उतरलं. ते पुस्तक आलं 2004 मध्ये. त्याच सुमारास अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’. 25 सप्टेंबर 2004 ला कोलटकर गेले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो 2005 मध्ये. घ्यायला ते नव्हते.

ही गोष्ट ऐकवून ‘बघा, गप्प बसा, काम करा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. कोलटकरांची चूल जाहिरातीवर पेटत होती, कविता खपली काय, न खपली काय. घरी बसून चित्रं विकणारी एक मुलगी मला म्हणाली, आठवडाभर पोस्ट टाकली नाही तर काम येत नाही. तिला कोलटकरांचा दाखला देणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. शिवाय कवी गप्प राहू शकला, कारण पुस्तक काढायला अशोक शहाण्यांसारखा माणूस होता. सगळ्यांच्या नशिबी असा दोस्त कुठला! बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात, ते काही उगाच नाही.

मला कोलटकरांचा हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. लोकांना काय आवडेल हे धंद्यामुळे पक्कं ठाऊक असलेला माणूस रात्री कवितेपाशी बसताना ते बाहेर कसं ठेवत असेल? मला ते जमत नाही. ओळ लिहितानाच रीलमध्ये ती कशी वाटेल हे डोक्यात येतं, आणि तिथेच ‘जणू’ घुसतो.

त्या ओळीवर अजून बसलोय. ‘जणू’ काढला की लय लंगडते, ठेवला तर ओळ खोटी वाटते. रील मात्र काढलेलं नाही, हेही सांगून टाकतो. दोनशे बारा लोकांना आवडलंय.